कोर्लई गावात पोर्तुगीज बोलतात, हे खरं आहे का?

अगदी शुद्ध पोर्तुगीज नाही. पोर्तुगीज शब्दांवर मराठीचे संस्कार होऊन तयार झालेली मिश्र बोली. गावातली ख्रिस्ती वस्ती ती आजही घरात बोलते. बाकीचं गाव मराठीच.

कोर्लई रायगड जिल्ह्यात, मुरुड तालुक्यात. समुद्रात घुसलेली एक अरुंद डोंगरसोंड, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कुंडलिकेची खाडी आणि पायथ्याशी कोळ्यांच्या होड्या. पलीकडच्या काठावर रेवदंडा, म्हणजे जुनं पोर्तुगीज चौल. खाडीच्या तोंडाशी असलेल्या या डोंगरावर ज्याच्या तोफा, त्याच्या हातात चौलचं बंदर. म्हणून तर अहमदनगरच्या निजामशाहीने इथे किल्ला बांधायला घेतला आणि पोर्तुगीजांनी तो 1594 मध्ये हिसकावला. वसईच्या पाडावानंतर 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला.

सत्ता गेली, पण ख्रिस्ती कुटुंबं इथेच राहिली. आजूबाजूला सगळी मराठी, गोव्याशी संबंध तुटलेला, खाडीवर कित्येक वर्षं पूल नाही. माझ्या मते बोली टिकली ती या एकाकीपणामुळेच. आता बोलणारे हजाराच्या आसपास असतील, आणि मुलांची शाळा मराठीत.

जाणार असाल तर किल्ला सकाळीच चढा, वर सावली फारशी नाही.