दोघंच, घाई नाही आणि इटलीतली डोंगरावरची गावं : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी आणि नवरा टस्कनी-उंब्रियाच्या खेड्यांमधून कसे रमतगमत फिरतो ते लिहिलं होतं, त्यावर इतक्या मेल आल्या की एकेकाला उत्तर देत बसले तर दिवाळी अंक उजाडेल. म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत तेवढे इथे घेतलेत. नावं मुद्दाम गाळलीत.

आम्ही दोघं रिटायर्ड, हातात दहा दिवस. एजंटने रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस, चिंक्वे तेर्रे आणि मध्ये दोन दिवस टस्कनीची गावं असा प्लॅन दिलाय. जमेल ना? (कोथरूड, पुणे)

जमेल की, एजंटच्या बसला सगळं जमतं. पण तुम्हाला त्यातलं काय आठवेल ते सांगा. डोंगरावरच्या गावांचं असं आहे की सकाळी अकरा ते दुपारी चार तिथे बसेसमधून उतरलेली माणसं असतात, आइस्क्रीमच्या रांगा असतात, आणि तुमचे "दोन दिवस" नेमके त्याच वेळात जाणार. गाव गावासारखं वागतं ते सकाळी आठला आणि संध्याकाळी सहानंतर, आणि तेव्हा तुम्ही हायवेवर असणार. म्हणून माझं एकच म्हणणं, दहा दिवसांत मुक्कामाची ठिकाणं दोन धरा, फार तर तीन. व्हेनिस आणि पिसा खुशाल कापा, रोम राहू दे कारण विमान बहुतेक तिथेच उतरणार आहे.

मुक्काम कुठे म्हणाल तर माझं मत पिएन्झा किंवा त्याच्या आसपास, म्हणजे व्हाल दोर्चा नावाचं खोरं. कॅलेंडरवर सुरूच्या झाडांची रांग आणि मऊ टेकड्या असा जो फोटो असतो तो बहुतेक इथलाच, २००४ पासून हे अख्खं खोरं युनेस्कोच्या यादीत आहे. पिएन्झाची गंमत म्हणजे आधी हे कोर्सिन्यानो नावाचं साधं खेडं, तिथे जन्मलेला मुलगा पुढे पोप पायस दुसरा झाला आणि १४५९ मध्ये त्याने आर्किटेक्ट रोसेलिनोला बोलावून सांगितलं की माझं गाव नव्याने बांध, आणि मग गावाला स्वतःचंच नाव देऊन टाकलं. (आपल्याकडे नुसत्या चौकाला नाव द्यायचं तरी किती भांडणं होतात.) चर्च, राजवाडा, चौक सगळं तीन-चार वर्षांत उभं राहिलं. चर्चचा मागचा भाग घाईघाईत कड्याच्या ठिसूळ जमिनीवर बांधलाय, तो तेव्हापासून खचतोय, आत गेलात की वेदीकडच्या भिंतींना गेलेले तडे बघा. मागच्या बाजूने तटावरून चालायची वाट आहे, समोर सगळं खोरं आणि पलीकडे १७३८ मीटरचा आमियाता डोंगर. त्याच वाटेला येऊन मिळणाऱ्या बोळांची नावं "प्रेमाची गल्ली", "चुंबनाची गल्ली" अशी आहेत, साठीतल्या नवऱ्याला तिथे उभं करून फोटो काढायचा असेल तर सकाळी काढा, दुपारी रांग लागते.

बाकीचे दिवस तिथूनच हिंडा. मोन्तेपुल्चानो १४-१५ किलोमीटर. बान्यो विन्योनीत गावाच्या चौकात चक्क गरम पाण्याचा मोठा हौद आहे, त्यात उतरायला बंदी आहे पण खाली जुन्या गिरण्यांपाशी तेच पाणी ओहोळातून वाहतं, तिथे पाय सोडून बसता येतं आणि पैसे लागत नाहीत. मोन्तिकिएल्लो तर अर्ध्या तासात संपतं, पण तिथले गावकरी १९६७ पासून दर उन्हाळ्यात स्वतःच्याच गावाच्या प्रश्नांवर स्वतः नाटक लिहून चौकात सादर करतात. भाषा कळली नाही तरी बघायला जा, नाटकवेडी माणसं सगळीकडे सारखीच.

गाडी भाड्याने घ्यावीच लागते का? चुलतभावाला परत आल्यावर चार महिन्यांनी दंडाची नोटीस आली, त्यामुळे ह्यांनी गाडीचं नावच टाकलंय. (डोंबिवली)

भावाला बहुतेक झेडटीएल, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग, भोवलं. जुन्या गावांत आणि शहरांत ठराविक भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, नाक्यावर पोलीस नसतो, कॅमेरा असतो. तो नंबरप्लेटचा फोटो काढतो, दंड आधी भाड्याच्या गाडीवाल्यांकडे जातो, ते तुमचा पत्ता कळवतात आणि त्या कळवण्याचेच वेगळे पैसे कार्डावरून कापतात, मग निवांत काही महिन्यांनी मूळ दंड घरी येतो. गल्ली चुकून परत त्याच नाक्यावरून गेलात तर दुसरा दंड. खूण सोपी आहे, लाल कड असलेला पांढरा गोल बोर्ड आणि खाली कधी दिव्याची पाटी, त्यावर "व्हार्को आत्तीव्हो" असेल तर कॅमेरा चालू, मध्ये "नोन" असेल तर बंद. जीपीएसला यातलं बऱ्याचदा काही कळत नाही. हॉटेल आतमध्ये असेल तर आधीच मेल करून नंबर कळवा, ते नोंदवून देतात.

माझी पद्धत म्हणजे तटबंदी दिसली की गाडी बाहेरच लावायची. पांढऱ्या पट्ट्यांत फुकट (तरी पाटी वाचा, वेळेची मर्यादा असू शकते), निळ्यांत पैसे भरून पावती काचेमागे ठेवायची, पिवळ्याकडे बघायचंच नाही, ती रहिवाशांसाठी वगैरे राखीव. आपल्या लायसनसोबत आंतरराष्ट्रीय परमिट लागतं, ते आरटीओकडून निघण्याआधीच काढा, तिथे जाऊन मिळत नाही. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर फार आधी बुक करा नाहीतर गिअरची हातात येते, आणि उजव्या बाजूने चालवताना डोंगराच्या वळणावर गिअर शोधत बसणं म्हणजे नवरा-बायकोच्या संबंधांची परीक्षाच. पेट्रोलपंपावर "सेल्फ" लिहिलेल्या बाजूला दर कमी असतो. पेट्रोलला बेन्झिना म्हणतात आणि डिझेलला गाझोलियो, गॅस ऐकून गोंधळू नका.

गाडी नकोच असेल तर मग पिएन्झाचा हट्ट सोडा, तिथे बस आहे पण रविवारी तुमचा दिवस वाया जाईल. त्याऐवजी ओर्व्हिएतो धरा. रोमहून साध्या ट्रेनने सव्वा तासाच्या आसपास, आणि स्टेशनच्या दारातच वर जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोरावर ओढलेली छोटी रेल्वे. तिथून पुढे असीसी, स्पेल्लो, कोर्तोना ट्रेनने होतात, गाडी एखाददोनदा बदलावी लागते आणि असीसी-कोर्तोनाची स्टेशनं डोंगराच्या पायथ्याशी आहेत, वर जायला बस घ्यायची.

माझे गुडघे फार चालत नाहीत. डोंगरावरची गावं म्हणजे नुसते चढच ना? मी खाली गाडीत बसून राहायचं का? (सांगली)

अजिबात नाही! इटालियन लोकांनी गावं वर बांधली ती शत्रूच्या आणि खालच्या दलदलीतल्या मलेरियाच्या भीतीने, पण म्हाताऱ्यांची सोय नंतर का होईना केलीय. पेरूजात सरकते जिने जमिनीखालच्या जुन्या किल्ल्यातून वर जातात, म्हणजे पोपने सोळाव्या शतकात एका श्रीमंत घराण्याचा मोहल्ला गाडून त्यावर किल्ला बांधला, त्या गाडलेल्या गल्ल्यांमधून तुम्ही एस्कलेटरने निघता, गुडघेदुखीचा यापेक्षा चांगला फायदा मला माहीत नाही. सिएनाला स्टेशनसमोरून सरकते जिने आहेत, ओर्व्हिएतोला पार्किंगमधून जिने आणि लिफ्ट. पिएन्झा वर पोचल्यावर जवळजवळ सपाट आहे.

मोन्तेपुल्चानो मात्र उभा चढ, पण छोटी बस वरच्या चौकापर्यंत जाते, तिने वर जा आणि उतरत या. चिविता दी बान्योरेज्जोला लांब पादचारी पूल आहे, शेवटी चांगलाच चढतो आणि दुसरा रस्ता नाही, शिवाय २०१३ पासून तिकीट आहे. गाव मातीच्या ठिसूळ डोंगरावर हळूहळू झिजत चाललंय, राहणारी माणसं अगदी मोजकी. गुडघे साथ देत नसतील तर पुलाच्या अलीकडूनच बघा, फोटोतलं दृश्य तिथूनच दिसतं. आणि ओर्व्हिएतोची सेंट पॅट्रिकची विहीर तुम्ही नका उतरू, २४८ पायऱ्या आहेत. यजमानांना पाठवा. दोन वेगळे गोल जिने एकमेकांना न भेटता खाली जातात, पाणी आणणारी खेचरं एकाने उतरायची, दुसऱ्याने चढायची.

सासूबाई आणि मी शुद्ध शाकाहारी. पिझ्झावरच दिवस काढायचे का? (नाशिक)

नाही हो, हा गरिबांच्या स्वयंपाकाचा मुलूख आहे, मांस रोज परवडायचं नाही, त्यामुळे डाळी, पाव, भाज्या यांचं खूप काही आहे. पीची मागवा, नुसती कणीक आणि पाणी, हाताने वळलेल्या जाड शेवयाच त्या, अंडं सहसा नसतं. "आल्यालियोने" म्हणजे टोमॅटो-लसणाच्या सॉसमधली सासूबाईंना नक्की चालेल. रिबोल्लिता म्हणजे घेवडा, काळसर कोबीची पानं आणि शिळा पाव यांचं दाट सूप, पाप्पा अल पोमोदोरोमध्ये टोमॅटो आणि शिळा पाव, आपल्या फोडणीच्या पोळीवर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटतं. रिबोल्लितात कधीकधी डुकराचं मांस घालतात, आणि सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, तेव्हा "सेंझा कार्ने, सेंझा ब्रोदो दी कार्ने" असं विचारून घ्या. उंब्रियात मसूर छान मिळतात. टस्कनीच्या पावात मीठ नसतं, बिघडलेला नाही तो.

एक गोष्ट लोक सांगत नाहीत. पारमेजानो आणि बहुतेक पेकोरिनो चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातला रेनेट वापरतात. कडक पाळत असाल तर दुकानात "काल्यो व्हेजेताले", म्हणजे वनस्पतीचं रेनेट असलेलं मागा, नसाल पाळत तर पिएन्झाचं पेकोरिनो मधाबरोबर खा आणि गप्प बसा.

वेळा सांभाळा, अडीचनंतर स्वयंपाकघर बंद ते साडेसातलाच उघडतं. बिलात "कोपेर्तो" म्हणून माणशी दोन-तीन युरो लावतात ते फसवणं नाही, तिथली रीत आहे.

अॅग्रीतुरिझ्मो म्हणजे आपलं कृषी पर्यटनच का? (बारामती)

तेच, फक्त तिथे १९८५ पासून त्याला कायदा आहे, शेती हाच मुख्य धंदा हवा, पाहुणे जोडीला. काही ठिकाणी तर नाव शेताचं आणि कारभार सगळा हॉटेलचा असतो, मला ती आवडत नाहीत. जेवण घरचं मिळतं का आणि डांबरी रस्त्यापासून कच्चा रस्ता किती आहे एवढं विचारा. उन्हाळ्यात बरेच जण आठवड्याच्या खाली देत नाहीत. चहाची पावडर घरून न्या, किटली बहुतेक नसते, कॉफीचं मोका भांडं मात्र असतंच, त्यात आम्ही चहा केलाय, मालकीणबाईंनी बघितलं नाही.

माझ्या आजोबांचे थोरले भाऊ मराठा रेजिमेंटमध्ये होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले ते परत आलेच नाहीत. आम्ही दोघं जाणारच आहोत तर तिथे काही बघण्यासारखं आहे का? (सातारा)

आहे, आणि तुमच्यासारख्यांनी आवर्जून जावं असं आहे. उंब्रियात वरच्या टायबर खोऱ्यात मोन्तोने नावाचं छोटं तटबंदीचं गाव आहे, उंबेर्तिदेजवळ. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ ला रायगडच्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे लढले. त्यांच्या तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, ग्रेनेड टाकला, गोळ्या घातल्या, मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणलं आणि मग शत्रूच्या स्नायपरच्या गोळीने पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या नावाचं स्मारक मोन्तोनेत २०२३ च्या जुलैमध्ये उभारलं, सूर्यघड्याळ आहे ते. दुसरे मराठा शिपाई नामदेव जाधव, यांना एप्रिल १९४५ मध्ये सेनियो नदीवर जखमी साथीदारांना वाहून आणल्याबद्दल हाच सन्मान मिळाला, ते जिवंत परतले.

तुमच्या आजोबांच्या भावाचं नाव, नंबर आणि बटालियन घरच्या कागदांत शोधा आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत तपासा, इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे करून बघा, कारण तेव्हाच्या कारकुनांनी मराठी नावांचं काय काय केलंय. ज्यांची समाधी सापडली नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावं कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत, घाडग्यांचंही तिथेच आहे. रोमहून कासिनोला थेट ट्रेन आहे. नाव दुसऱ्याच स्मशानभूमीत निघालं तर मुक्काम त्या हिशेबाने बदला, म्हणून हे काम तिकिटं काढायच्या आधी करा.

ह्यांना प्रत्येक म्युझियम बघायचंय, मला नुसतं बसायचंय. कसं जमायचं? (बोरिवली)

वेगवेगळे फिरा. गावं एवढीशी असतात, हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. मोन्तेपुल्चानोत तुम्ही १८६८ सालच्या काफे पोलित्सियानोत दरीकडची जागा पकडा, ते वर जाऊन येऊ देत. बसून प्यायलात तर उभ्यापेक्षा जास्त पैसे पडतात, पण मग तासभर कुणी उठवत नाही.

कधी जावं? आणि सिएनाची घोड्यांची शर्यत बघावी का? (नागपूर)

हिरव्या टेकड्या हव्या असतील तर एप्रिलअखेर ते मे, म्हणजे शाळांच्या सुट्टीतही बसतं. जुलैत सूर्यफुलं असतात पण ऊन तुमच्या नागपूरच्या ओळखीचं. सप्टेंबरमध्ये द्राक्षं, ऑक्टोबरपासून ऑलिव्हची तोडणी, मात्र तेव्हा शेतं नांगरलेली असतात, फोटोतलं हिरवं दिसणार नाही. १५ ऑगस्टच्या आसपास अख्खी इटली सुट्टीवर, तेव्हा टाळा.

ही शर्यत, म्हणजे पालिओ, २ जुलै आणि १६ ऑगस्टला असते, १७ मोहल्ल्यांपैकी दहांचे घोडे धावतात, तीन फेऱ्या, दीड मिनिटात खेळ खलास. चौकाच्या मध्यभागी उभं राहायला तिकीट नाही पण कित्येक तास उन्हात, आणि एकदा अडकलात की बाथरूमला जायचीही चोरी. तुम्ही दोघं असाल तर आधीच्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ सराव धावा होतात त्या बघा, तेच घोडे, तेच झेंडे, तीच भांडणं, आणि धाव संपली की जेवायला मोकळे.