१९८२ च्या फायनलनंतर मीर रंजन नेगी प्रशिक्षक म्हणून परत कसे आले?

त्यांच्या गोष्टीशी जोडला गेलेला 'चक दे! इंडिया' हा सिनेमा गाजला म्हणून भारताच्या हॉकी संघाचे गोली (गोलकीपर) नेगी घरोघरी माहीत झाले, तरी त्यांचं नाव निघालं की आधी 'ते सात गोल' निघतातच. तिथेच माझं डोकं फिरतं.

दिल्लीची आशियाई स्पर्धा, हॉकीची फायनल, गोलमध्ये नेगी, पाकिस्तान ७, भारत १. पहिला गोल आपला होता, हे किती जणांना आठवतं? पण गोली विकला गेला म्हणून बोंब झाली. पुरावा आजतागायत कुणी दिलेला नाही.

मी कॉलेजच्या टीमचा गोली होतो. एका फायनलमध्ये शॉर्ट कॉर्नरचा (पेनल्टी कॉर्नरचा) पहिला फटका मी पॅडवर घेतला. चेंडू समोर दोन हातांवर पडला. आमचा फुलबॅक, म्हणजे गोलसमोरचा बचावपटू, तेव्हा हात वर करून पंचांकडे फाउल मागत उभा! समोरच्याने सावकाश येऊन चेंडू ढकलला. पुढचे गोलही थोड्याफार फरकाने असेच. सामना संपल्यावर सरांनी सगळ्यांदेखत माझ्याकडून किट काढून घेतलं, आणि पुढच्या वर्षी कॅप्टन कोण? तोच फुलबॅक. आजही भेटला की म्हणतो, "तू चेंडू बाहेर मारायला हवा होतास." अरे बाबा, एवढ्या जोरात आलेला चेंडू आधी अडवायचा असतो. रिबाउंड उचलायला तुला डीमध्ये, गोलसमोरच्या अर्धगोलात, उभं केलं होतं!

असो. नेगी कस्टम्समध्ये नोकरीला होते. १९९८ ला बँकॉकच्या आशियाई स्पर्धेसाठी भारताच्या गोलकीपरांना शिकवायचं काम त्यांना दिलं गेलं. तिथे फायनल कोरियाशी टायब्रेकरवर गेली, आपला गोली आशिष बल्लाळने फटके अडवले आणि १९६६ नंतर पहिल्यांदा सुवर्ण आलं. २००२ ला मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबरही ते होते.

तुमच्या गावात मुलांना शिकवायला कुणी शोधत असाल तर जुना गोली बघा. अख्खं मैदान समोर ठेवून तोच खेळलेला असतो. कोण परत धावत आलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फॉरवर्डला पाठीमागचं काय दिसणार?

हां, बँकॉकला मुख्य प्रशिक्षक एम. के. कौशिक होते, नेगी नव्हे. ते श्रेय त्यांचंच. आणि गोलीही चुकतात, नाही असं नाही. पण ज्यांना १९८२ चा हिशेब अजून गोलीकडूनच हवा आहे, त्यांनी आधी त्या दिवशीच्या फुलबॅकची नावं सांगावीत.