मेक्सिकोच्या किनारी गावात राहणाऱ्या अमेरिकन माणसाचं रोजचं आयुष्य कसं असतं?

पुएर्तो वायार्ता किंवा मासात्लानचं उदाहरण घ्या. सकाळी मालेकोनवर, म्हणजे समुद्रालगतच्या पदपथावर फेरफटका, मग बाजारहाट. नळाचं पाणी सहसा कुणी पीत नाही. 20 लिटरचा जार, म्हणजे गाराफोन, घरपोच येतो. आपल्याकडचे पाण्याचे जार डोळ्यांसमोर आणा, अगदी तेच. मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास. उन्हाळ्यात उकाडा असह्य, त्यात चक्रीवादळांचा मोसम, त्यामुळे बरेच अमेरिकन फक्त हिवाळ्यापुरते येतात.

घराची गोष्ट मात्र नीट समजून घ्या. किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही. बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावी लागते. त्याला फिदेइकोमिसो म्हणतात. मुदत 50 वर्षं, पुढे वाढवता येते. शिवाय मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेचा मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, तिथे जवळजवळ कधीच चालत नाही आणि अमेरिकेतलं कर-विवरणपत्र भरणंही सुटत नाही.

माझं मत विचाराल तर स्पॅनिश शिकणं सगळ्यात महत्त्वाचं. इंग्रजीवर निभावतं, पण शेजारी आपले होत नाहीत. दुकानात शिरताना निदान ‘बुएनोस दियास’ (सुप्रभात) तरी म्हणावंच. तिथे अभिवादन न करता थेट वस्तू मागणं उद्धटपणाचं वाटतं.