ओंटारियोत स्वतःचा ट्रक घेण्याआधी

"दोन वर्षं दुसऱ्याचा ट्रक चालवीन, मग स्वतःचा घेईन, ओंटारियोत खर्च किती आणि नियम काय?" असं तुम्ही विचारलंत. मीही नेमका हाच बेत करून आलो होतो. एझेड लायसन्स (मोठ्या ट्रेलर-ट्रकचं), १०३.५ तासांचं सक्तीचं प्रशिक्षण वगैरे सरकारी साइटवर आहेच, ते तिथे वाचा.

डिझेल आणि हप्त्याचा हिशोब तुम्ही केला असेल. विम्याचा केलात का? भारतात वीस वर्षं स्टिअरिंग धरलेलं असो, इथल्या विमावाल्यांच्या लेखी तुम्ही बहुधा नवशिकेच. एखादा डीईएफचा (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचा) सेन्सर ऐन थंडीत रुसतो, इंजिन आपणहून वेग उतरवतं, आणि टोइंगचं बिल येतं. गाडी गॅरेजात उभी असली तरी हप्ता चालूच.

कागदांचा मात्र मला अजून राग येतो. दर तिमाहीला इफ्टाचं, म्हणजे राज्याराज्यांत वाटल्या जाणाऱ्या इंधनकराचं, रिटर्न: कुठल्या राज्यात किती अंतर धावलात, डिझेल कुठे भरलंत. ज्याची पावती हरवली त्या डिझेलवर भरलेला कर गेला. अमेरिकेत जायचं तर नुसतं कॅनडाचं पीआर (कायम रहिवासाचं) कार्ड चालत नाही, भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. शिवाय ८०,००० पौंड वजनाच्या गाडीला तिकडचा वार्षिक रस्ताकर, कॅनडाच्या नंबरप्लेटला ४१२.५० अमेरिकी डॉलर. पैशाचं काही नाही हो. पण तो भरायला अमेरिकेचा ईआयएन (धंद्याचा कर-नंबर) लागतो, आणि त्यासाठी मी दोन सकाळी फोन कानाला लावून तीच ती धून ऐकत बसलो.

गाडी चालवायला इथे दिवसाला १३ तास, सीमेपलीकडे ११. ईएलडी, म्हणजे गाडीतलं तास नोंदवणारं यंत्र, सगळं मोजतं. तिकडे गोदामाच्या दारात चार तास ताटकळलात, तरी कामाला लागल्यापासूनचं १४ तासांचं घड्याळ चालूच राहतं, ते संपलं की गाडी चालवायची नाही. असाच ओहायोत एका डॉकवर चरफडत होतो, तेव्हा बायकोचा फोन आला. मुलगा आठवीत, शाळेचा कागद आलाय: नववीला 'अकॅडमिक' की 'अप्लाइड'? मी म्हटलं, अप्लाइड म्हणजे प्रात्यक्षिक असेल, चांगलंच की, कर सही. युनिव्हर्सिटीची वाट अकॅडमिकमधून जाते हे आम्हाला तो अकरावीत गेल्यावर कळलं. शाळेने समजावलं नाही. मीही विचारलं नाही. नववीच्या गणितातली ती विभागणी २०२१ मध्ये सरकारनेच बंद केली. तोवर आमचा पुढे गेला होता. आता फोर्कलिफ्ट चालवतो, बरं कमावतो. त्याने तो विषय कधी काढला नाही. मीच काढतो.

एकटेपणाची सवय होते.

ट्रक घ्यायचाच असेल तर सहा महिन्यांचे हप्ते आणि विमा आधी बाजूला ठेवा. कुठल्या कंपनीला गाडी लावणार असाल तर करारात होल्डबॅक (कंपनी अडकवून ठेवते ती तुमची रक्कम) किती आणि तो परत कधी, हे सहीआधी लेखी घ्या. आणि मुलं कितवीत आहेत, ते तुम्ही लिहिलंच नाहीत.