बाये, जॅकेट विकू नकोस

फोंडा, गोवा,
मार्चमधला शेवटचा रविवार

चि. बायेस,

तुझ्या बाबांनी काल बाजारात गाठून सांगितलं, की तू बाईकवर घालायचं जॅकेट विकायला काढलंयस. ऊन सोसवत नाही म्हणून. आणि त्या पैशांत मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, पुढे उंच विंडशील्ड आणि दोन पिवळे दिवे. फोन केला असता, पण फोनवर तू "हो काका, हो काका" म्हणतेस आणि मग स्वतःचंच खरं करतेस. म्हणून कागद घेतला.

आधी एक सांग. त्या जॅकेटच्या आत चेनने जोडलेलं एक पातळ अस्तर आहे, हाताला प्लास्टिकसारखं लागतं, चुरगळलं की आवाज करतं. ते काढलंस का? काढलं नसशील, पैज लावतो. ते पावसाचं अस्तर. दुकानात ते लावलेलंच असतं आणि विकणारा काही सांगत नाही. माझं गॅरेज होतं तेव्हा दर उन्हाळ्यात एक तरी पोरगा घामाने निथळत यायचा, "काका, हे जॅकेट आपल्या हवेचं नाही" म्हणत. अस्तर काढून हातात दिलं की तोंड बघण्यासारखं व्हायचं. तेव्हा आज ते काढ, घडी करून जूनसाठी कपाटात ठेव, आणि उद्या फोंडा ते वेर्णे एकदा जाऊन ये. मग बोलू विकायचं.

आता थोडं डोकं लाव. आपल्याकडे पारा फार चढत नाही, ३३-३५ अंश म्हणजे डोक्यावरून पाणी. आपल्याला मारतो तो दमटपणा. घाम येतो, पण वाळत नाही, आणि अंग थंड होतं ते घाम वाळताना, नुसता गळताना नव्हे. बाईक चालत असते तोवर वारा ते काम करतो. बोरीच्या पुलावर ट्रक अडकला आणि रांग लागली, की तोच वारा थांबतो आणि तू उकडतेस. दोष जॅकेटला देतेस, पण त्या क्षणी नुसत्या टी-शर्टमध्येही तू उकडलीच असतीस. थांबलीस की इंजिन बंद कर, जॅकेटची चेन खाली ओढ, हेल्मेटची काच वर कर. तुझी बाईक हवेवर थंड होणारी आहे, वारा नसला की तिचीही तीच गत होते.

तुझं जॅकेट जाळीचं आहे, म्हणजे आपल्या किनाऱ्यासाठी अगदी बरोबर घेतलंयस. कोपर आणि खांद्यातली पॅडं बरी आहेत, मी दाबून पाहिलीत. पाठीत मात्र नुसता स्पंज भरलाय. तिथे युरोपियन प्रमाणपत्राचं खरं बॅक प्रोटेक्टर घाल, ते त्याच खिशात बसतं. सायलेन्सरच्या पैशांतले थोडे तिकडे जाऊ देत.

जाळीचा एक तोटा मात्र मी स्वतः भोगलाय. बरीच वर्षं झाली, मे महिन्यात विजापूरहून एकटा परतत होतो. तिथलं ऊन आपल्यासारखं नव्हे, चाळिशीच्या वरचं आणि कोरडं. मी शहाणपणा करून जॅकेटची चेन पोटापर्यंत उघडली. काय गार वाटलं! घाम दिसेचना, म्हणून तहानही जाणवेना. खरं तर कातडीपेक्षा वारा गरम असला की तो तुम्हाला गार करत नाही, भाजतो, आणि अंगातलं पाणी न सांगता पळवतो. लोंढ्याच्या अलीकडे डोकं ठणकायला लागलं. रामनगर ओलांडलं तेव्हा भर उन्हात अंगावर शहारे येत होते आणि मला ते विचित्रही वाटलं नाही. अनमोडच्या उतारावर एक वळण मी चुकीच्या बाजूने घेतलं. समोरून ट्रक चढत होता. चालक सावध होता म्हणून हे पत्र लिहितोय. मोलेला उतरून एका टपरीच्या बाकावर अर्धा तास आडवा झालो, बाईकचा साइड स्टँड लावायचाही राहिला होता, ती दगडाला टेकून उभी होती.

तेव्हा घाट चढून पलीकडे जाशील, आणि तू जाणारच, चोर्ला घाट तुझ्या डोळ्यांत दिसतोय मला, तर हे पक्कं कर: हवा कोरडी आणि भट्टीसारखी लागायला लागली की जॅकेट बंद, आतला टी-शर्ट नळाखाली भिजवून घातलेला. जाळीतून येणारा वारा तो हळूहळू वाळवतो आणि तासभर तरी बरं वाटतं. वाळला की पुन्हा भिजवायचा. इकडे समुद्राजवळ याचा काही उपयोग नाही, नुसतं चिकचिकतं.

पाण्याचं म्हणशील तर एकदम लिटरभर ढोसू नकोस, घोट घोट पीत जा, तहान लागायच्या आधीपासून. लांबच्या दिवशी ओआरएसची एक पुडी लिटरभर पाण्यात, अर्ध्या लिटरच्या बाटलीत नव्हे. आपलं कोकम सरबत मिठाची चिमूट घालून घेतलंस तरी छान, शहाळं त्याहून छान. लघवी गडद पिवळी दिसली तर सावलीत थांब. सोबतचं कोणी बरळायला लागलं, दिशा विसरलं, अंग तापलं, तर ते दमलंय असं समजू नका: सावलीत झोपवा, कपडे सैल करा, पाणी ओतून वारा घाला आणि १०८ लावा.

आणि हो, सत्तरी तालुक्याकडे जाणारी तुमची टोळी. काजूचा हंगाम आहे, उराक, म्हणजे काजूची हलकी दारू, जागोजागी मिळेल, लिंबू-मीठ घातलेलं, गारेगार, सरबतासारखंच लागतं. तिथेच फसगत आहे. ते अंगातलं पाणीही काढतं आणि नजरही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल, एवढीच कायद्याची मर्यादा आहे, पण मी कायद्याचं सांगत नाही. परतीचा रस्ता उतरणीचा आहे, एवढंच ध्यानात ठेव. उराक घरी घेऊन ये, बाबांबरोबर पी.

आता तुझी यादी. विंडशील्ड आधी खोड. आत्ताच सांगितलं ना, वारा हाच आपला पंखा. उन्हाळ्यात उंच काच लावणं म्हणजे पैसे मोजून तो बंद करणं. सायलेन्सरचं तर बोलायलाच नको, दंड होईल तो वेगळा, पण शेजारची आजी दुपारची झोपते. दिवे नंतर पाहू. आपल्या अरुंद रस्त्यांवर समोरच्याच्या डोळ्यांत जातात, आणि रिले, म्हणजे जास्त करंट सोसणारा वेगळा स्विच, न बसवता कोणी हेडलाइटच्या वायरीवरून जोड मारली तर एक दिवस जळका वास येईल.

तुझ्या बाईकला खरी गरज आहे ती कोणाला दिसणार नाही अशा गोष्टींची. पहिलं ब्रेक ऑइल. मागच्या मालकाने ते कधी बदललं देव जाणे, ब्रेकच्या डबीच्या खिडकीतून कोऱ्या चहासारखं दिसतंय. हे ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा! नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी शिरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. आता चोर्ल्याहून केरीकडे उतरताना तू सतत ब्रेक धरून आलीस, डिस्क तापली, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले, की लिव्हर स्पंजासारखा दबतो आणि बाईक थांबत नाही. बुडबुडे दाबले जातात, ब्रेक नव्हे. म्हणून दोन वर्षांत एकदा बदलायचंच, आणि उतारावर गिअर खाली टाकून इंजिनाला थोपवू द्यायचं. खाली अंजुणे धरणाचं पाणी सुंदर दिसतं, ते थांबून बघ, चालवताना नको.

दुसरं, टायर. कडेवर चार आकडे असतात, ३४१८ म्हणजे २०१८ सालचा ३४वा आठवडा. तुझा मागचा पाहिला मी. खाचा आहेत, पण रबर दगड झालंय. मागच्या मालकाने बाईक वापरलीच नाही त्याची ही खूण. हवा सकाळी, टायर थंड असताना भर. तापल्यावर दाब वाढलेला दिसतो म्हणून काढू नकोस, तो गृहीत धरूनच पुस्तकात आकडा दिलेला असतो.

तिसरं, बाईकची चेन. उसगावच्या बाजूला गेलीस की दर वेळी बघ. लाल धूळ आणि तेल एकत्र आलं की पॉलिश पेपर होतो, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चाकाचे, दात खातो. रॉकेलने पुसायची, पेट्रोलने नाही, आतल्या रबरी रिंगा जातात. वंगण घरी आल्यावर, चेन कोमट असताना लाव, म्हणजे सकाळपर्यंत मुरतं.

चैन करायचीच असेल तर सीटवर जाळीचं कव्हर टाक. स्वस्त आहे, दिसायला काही खास नाही, पण बूड आणि सीट यांच्यामध्ये हवा खेळते. वेर्ण्याला दुपारभर उन्हात उभ्या बाईकवर बसल्यावर माझी आठवण काढशील. फोनचा स्टँड घेतलास तर थरथर शोषणारा घे, नाहीतर कॅमेरा खराब होतो. आणि उन्हात फोन तापून बंद पडतो, तेव्हा रस्ता आधी पाठ असलेला बरा.

हेल्मेट आरशावर अडकवू नकोस, आतलं थर्माकोल दबतं. आतली गादी महिन्यातून एकदा शाम्पूने धू, वास तुला येत नसला तरी मागे बसणाऱ्याला येतो. पायात घोटा झाकणारे बूट हवेत. भाड्याची स्कूटर घेऊन हाफ पँटीत फिरणारे पाहुणे बघ, कितीजणांच्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा गोल डाग असतो.

पुढच्या रविवारी बाईक घेऊन ये, सकाळी साडेसहापर्यंत, ऊन चढायच्या आत ब्रेक ऑइल उरकू. सीलबंद बाटली आण, फोडलेली नको. आणि ते अस्तर काढलंस की नाही ते बाबांकडून कळव.

तुझा,
काका