वाढदिवस दोन, मॅच एक आणि आण्णांची पंचाहत्तरी

प्रश्न : ताई नमस्कार, नाव छापू नका प्लीज, घरात सगळेच वाचतात. माझं माहेर कोल्हापूरची शिवाजी पेठ आणि सासर मंगळवार पेठ, फुटबॉलमधल्या दोन कट्टर पेठा, यावरूनच तुम्हाला अर्धी स्टोरी कळली असेल. शनिवारी 6 डिसेंबरला मुलाचा आठवा वाढदिवस आणि लगेच रविवारी 7 ला सासऱ्यांची पंचाहत्तरी. आण्णा मराठा लाईट इन्फन्ट्रीतनं रिटायर झालेत, 71 च्या लढाईत होते पण त्याबद्दल एक अक्षर बोलत नाहीत. नणंदबाईंचं म्हणणं की दोन्ही वाढदिवस रविवारी एकत्रच हॉलवर करू, त्यादिवशी सैन्यदलांचा ध्वजदिन पण आहे तर आर्मी थीम ठेवू, मिलिटरी कलरचे फुगे, रणगाड्याचा केक, पोरांना खेळण्यातल्या बंदुका आणि आण्णांना मेडल लावून स्टेजवर बसवायचं. आण्णा ऐकून नुसते उठून गॅलरीत गेले. त्यात रविवारी चारला शाहू स्टेडियमवर आमच्या मंगळवार पेठेच्या पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच, समोर माहेरच्या पेठेचं शिवाजी तरुण मंडळ, म्हणजे आमचे हे मॅचला जाणार आणि पोराला पण नेणार म्हणतात, आणि माझा भाऊ पलीकडच्या बाजूला बसणार. मी काय करू, मला तर शनिवार-रविवार येऊच नये असं वाटायलंय.

उत्तर : अगं बाई, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग आण्णांच्या गॅलरीपाशी येऊन थांबले. पहिलं तिथलंच बोलू.

जरा हिशोब करून बघ. आण्णा आता 75 चे म्हणजे 1971 ला 21 चे. लढाई 3 डिसेंबरला पेटली आणि 16 ला ढाक्यात पाकिस्तानच्या 93 हजारांनी शरणागती पत्करली, आणि 7 तारीख येते बरोबर मधे. म्हणजे या माणसाचा एकविसावा वाढदिवस लढाईच्या दिवसांत गेलाय, तो कुठं आणि कसा गेला, सोबत कोण होतं आणि त्यातलं कोण परत आलं नाही हे फक्त त्यांना ठाऊक. त्याच तारखेला त्यांच्यासमोर रणगाडा कापायचा आणि नातवंडांनी ठो ठो करत पळायचं, मग माणूस गॅलरीत जाणारच की ओ. नणंदबाईंचा हेतू चांगलाय, त्यात वाद नाही, पण ही थीम बड्डेवाल्या दुकानात शोभते, आण्णांच्या पंचाहत्तरीला नाही. आणि हे त्यांना तू सांगू नकोस, सून म्हणून तुझ्यावरच येईल, तुझ्या नवऱ्यालाच सांगू दे, भावानं बहिणीला, मॅचला जायचंय ना त्यांना, मग एवढं काम करूनच जावं.

दोन्ही वाढदिवस वेगळेच ठेव. शनिवार पोराचा, त्याचे दोस्त, त्याला हवा तो केक, पाहिजे तर फुटबॉलचा कर, आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला अंडर-17 वर्ल्डकप खेळला, मग मेस्सीच कशाला पाहिजे केकवर. रविवारी सकाळी आण्णांचं घरातच 75 दिव्यांनी औक्षण, दुपारी तांबडा-पांढरा, संपलं. हॉल कॅन्सल. मेडल लावायचं की नाही हे त्यांना एकदाच विचार आणि नको म्हटले तर परत विषय काढू नका.

हॉलचे जे पैसे वाचतील त्यातले थोडे ध्वजनिधीला द्या. हा दिवस 1949 पासून पाळतात आणि तो निधी शहिदांच्या बायका-पोरांसाठी, जखमी जवानांसाठी आणि माजी सैनिकांसाठी असतो, छातीवर लावायचा तो तीन रंगाचा छोटा झेंडा म्हणजे त्याची आठवण, लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिकट निळा हवाई दलाचा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पैसे घेतात, पण रविवारी ऑफिस बंद असणार म्हणून शुक्रवारीच नातवाला आण्णांबरोबर पाठव, पाकीट पोराच्या हातात दे. जाता-येता दोघं काय बोलतील ते बोलतील, तुम्ही मागं लागू नका.

पोराला गोष्ट सांगायचीच असेल तर आण्णांच्याच रेजिमेंटचे रायगडचे यशवंत घाडगे आहेत, 10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध, इटली. सोबतचे सगळे पडले तरी 22 वर्षांचा हा गडी एकटा मशिनगनवर चालून गेला, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं लढला, चौकी घेतली आणि तिथंच मारला गेला. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक मिळालं, पण मरणोत्तर. गोष्ट शेवटपर्यंत सांगायची, मरणोत्तर म्हणजे काय ते पण. आठ वर्षांच्या पोराला कळतं ते.

आता मॅच. नवऱ्याला अडवू नकोस, मंगळवार पेठेतल्या माणसाला या मॅचला घरी बसवलंस तर तो दिवसभर मोबाईलमधेच असणार, त्यापेक्षा गेलेला बरा. पोराला मात्र या मॅचला नको. शाहूवर पोरगं न्यायचंच तर साध्या मॅचला न्या, दुपारी, गॅलरीत कडेला जागा धरून. पाटाकडील-शिवाजी म्हणजे पोलीस बंदोबस्त, ढकलाढकली आणि शिव्या तर अशा की पोरगं सोमवारी शाळेत जाऊन बोलेल आणि मग तुला बोलावतील.

भावाला जेवायला दुपारीच बोलाव, मॅचच्या आधी. नंतर बोलावलंस तर दोघांपैकी एकजण फुगून बसणार आणि आण्णांच्या ताटापुढं गोल ऑफसाईड होता का यावर वाद सुरू होणार. संध्याकाळी जो हरेल त्यानं भांडी घासायची असं आधीच ठरवून टाक, ड्रॉ झाली तर दोघांनी.