फोटो अपलोडचा एरर ॲपला वाचता येत नाही, त्यावर माझं उत्तर

तू लिहिलंयस की पोस्टमनमधून (रिक्वेस्ट तपासायचं टूल) चुकीची रिक्वेस्ट मारली की ४०० (चुकीच्या रिक्वेस्टचा स्टेटस कोड) आणि व्यवस्थित जेसन (JSON, डेटा पाठवायचा फॉरमॅट) येतो, पण अँड्रॉइड ॲपमधून फोटो अपलोड करताना जीसॉन (Gson, जेसन वाचणारी लायब्ररी) 'एक्सपेक्टेड बिगिन ऑब्जेक्ट बट वॉज स्ट्रिंग' म्हणून फेकतं, आणि तेही कधीकधीच. आणि तू तीन दिवस एररचा डेटा क्लास बदलत बसलायस. ते आधी थांबव. सुरुवातीलाच महिरपी कंस नाही असं जीसॉन सांगतंय, म्हणजे आलंय ते बहुतेक जेसनच नाहीये.

मला एनजिनएक्सवर (आपल्या सर्व्हरच्या पुढे बसून रिक्वेस्ट आत पाठवतो तो) संशय आहे. पोस्टमन तू लॅपटॉपवरून थेट स्प्रिंगच्या (आपल्या बॅकएंडच्या) ८०८० पोर्टला मारतोस, फोन मात्र एनजिनएक्समधून जातो, आणि त्याची बॉडीची (रिक्वेस्टमधून जाणाऱ्या डेटाची) मर्यादा आपण बदलली नाही तर १ एमबी असते. त्याच्या वर गेलं की तो तिथूनच ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी आहे) देतो आणि सोबत एचटीएमएलचं पान, रिक्वेस्ट स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही म्हणून तुझ्या लॉगमध्ये काहीच नाही. छोटा फोटो जातो, कॅमेऱ्याचा ४ एमबीचा अडकतो, 'कधीकधी' ते हेच.

वागळे इस्टेटला असताना आमचं असंच झालेलं. मीटरचे फोटो काढायचं ॲप, टेस्टिंग लॅपटॉपवरच्या चिमुकल्या फोटोंनी, आणि माणसं घणसोलीत उन्हात फिरून तोच फोटो पाच-पाच वेळा काढतायत कारण स्क्रीनवर 'पुन्हा प्रयत्न करा' येतंय. ४१३ ला पुन्हा प्रयत्न करून काय होणार? ते आठवलं की अजून वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

आता कर असं. एररबॉडी (एररसोबत आलेला मजकूर) एकदाच स्ट्रिंगमध्ये घे आणि व्हेरिएबलमध्ये ठेव, कारण दुसऱ्यांदा वाचलीस तर रिकामी मिळते (लॉगसाठी आधी वाचलीस की पार्सरला काही उरत नाही, यात खूप जण फसतात). मग पार्स करायच्या आधी कंटेंट-टाइप (मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारा हेडर) बघ. तो फक्त 'ॲप्लिकेशन/जेसन'शी जुळवू नकोस हां, स्प्रिंगचं प्रॉब्लेमडिटेल (एररचा तयार साचा) वापरलंस तर 'ॲप्लिकेशन/प्रॉब्लेम+जेसन' येतं, २०२३ च्या आरएफसी ९४५७ या इंटरनेट मानकात तेच आहे. जेसन नसेल तर स्टेटस कोडवरून मेसेज दाखव, ४१३ ला सरळ 'फोटो मोठा आहे'.

सर्व्हरला एनजिनएक्सची क्लायंट-मॅक्स-बॉडी-साइज (तीच १ एमबीची मर्यादा) वाढव, आणि ४१३, तसंच ५०२, ५०४ (मागच्या सर्व्हरकडून नीट किंवा वेळेत उत्तर आलं नाही) यांच्यासाठी एरर-पेज लावून एनजिनएक्सकडूनच जेसन पाठव. एवढं करून परत अडकलं तर घाबरू नकोस, स्प्रिंग बूटची स्वतःची फाइलमागे १ एमबीची मर्यादा आहे, ती पण वाढवावी लागते. खरं म्हणजे ॲपमध्येच फोटो लहान करून पाठवणं सगळ्यात चांगलं, डेटापॅकही वाचतो.

आज फोन केबलला लाव, मोठा फोटो पाठव, आणि स्टेटस, कंटेंट-टाइप आणि बॉडीची पहिली २०० अक्षरं इथे टाक. ५०२ निघाला तर गोष्ट वेगळी, मग अपस्ट्रीम (एनजिनएक्सच्या मागचा सर्व्हर) बघू.